पाठराखणीची जागा

उकंडा मुनेश्वरची गाडी पाटीपुऱ्यातल्या घरापुढे उभी राहिली की अर्धी गल्ली बंद व्हायची. त्याबद्दल कुणी कधी कुरकुर केली नाही. सायकलवाले उतरून हँडल तिरपं करून जात, पाणी आणणाऱ्या बाया कमरेवरचा पितळी गुंड गाडीला घासू नये म्हणून अंग चोरत. पांढरी, लांबलचक मर्सिडीज होती ती. यवतमाळातल्या एका जिनिंग मालकाने हौसेने घेतलेली. उकंडाने एकोणीस वर्षं त्या मालकाची गाडी चालवली. मग जिनिंगमध्ये कापूस येणं कमी झालं, एका हंगामात फाटक उघडलंच नाही आणि मालक नागपूरला मुलाकडे निघून गेला. जाताना जुनी झालेली गाडी त्याने पडत्या भावात उकंडाला दिली. त्या दिवशी वयाच्या पन्नाशीत उकंडा पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसला, आणि सवयीने उतरून मागचं दार उघडायला गेला. मागे कुणीच नव्हतं.

त्याने गाडी लग्नांना द्यायला सुरुवात केली. स्वतःच चालवायचा. कापसाने दगा दिला तशी जिल्ह्यातली लग्नं आटोपशीर होत गेली होती. बँडच्या जागी नुसता ताशा आला, पंगतीतला दुसरा गोड पदार्थ गेला, सामूहिक विवाहाच्या मांडवात एकाच मुहूर्तावर वीस-वीस जोडपी उभी राहू लागली. पण ज्याने स्वतःच्या दारात मांडव घातला, तो काटछाट करत करत गाडीपाशी आला की थांबे. आपला नवरदेव जीपमध्ये बसून गेला, हे कुणाला ऐकून घ्यायचं नव्हतं. त्यावर उकंडाचं घर चाललं होतं.

घरात तो आणि मुलगी दीपा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दीपाने समोरच्या खोलीत ब्युटी पार्लर काढलं होतं. नवरी सजवायला तिला बोलावत तेव्हाच गाडीचीही विचारणा होई, त्यामुळे फोन एकच होता आणि तो दीपा घेई. २००६ च्या उन्हाळ्यात हंगाम सुरू झाला तेव्हा फोनवरचे प्रश्न बदलल्याचं तिच्याच लक्षात आलं. वर्ध्याकडच्या कुठल्याशा वरातीत नवरदेव लाल, उघड्या टपाच्या गाडीत आला होता. त्या लग्नाची सीडी गावोगाव फिरली होती.

"बाबा, आपली गाडी गावात शिरली का लोक काय म्हणते माहीत हाये? पुढारी आला म्हणते."

"मंग? मान हाये तो."

"नवरदेवाले मान नाई पायजे बाबा. फोटो पायजे."

उकंडा हसला, पण त्या महिन्यात दोन लग्नं हातची गेली. रस्त्यात भेटणारे एक डॉक्टर त्याला अधूनमधून विचारत असत, "मुनेश्वर, आमच्या गाडीवर येता का?" पगार बरा होता. आतापर्यंत तो हसून "पाहू साहेब" म्हणायचा. यंदा पहिल्यांदा तो न हसता "पाहू" म्हणाला. गाडीने हंगाम काढला नाही, तर पुन्हा कुणाच्या तरी दारात किल्ली हातात घेऊन उभं राहायचं होतं.

अशात अनिमेष आला. धामणगाव रोडवरच्या सदाशिव वकिलांचा हा मुलगा. पुण्याला शिकत असताना त्याने हौसेने एक लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन दारांची, बुटकी, कापडी टप मागे दुमडता येणारी. आता तो वडिलांच्याच हाताखाली वकिली सुरू करणार होता.

"कोर्टासमोर ही गाडी लावली की अशील दुसऱ्या वकिलाकडे जातो, काका," तो म्हणाला. "मला तुमच्यासारखी भारदस्त पाहिजे. तुम्ही ही घ्या. वर देणं-घेणं काही नाही. अदलाबदल."

उकंडाने लाल गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन चांगलं होतं, टायर नवे होते. व्यवहार सरळ होता, आणि एकदा झाला की परत फिरणार नव्हता.

"आठ दिवस राहू द्या तुमच्याकडे," अनिमेष म्हणाला. "एखादं लग्न करून पाहा."

लग्न दीपाने लगेच शोधलं. नेरजवळच्या गावचा धम्मदीप बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरीला होता. मुलगी राळेगाव तालुक्यातली, साधना नावाची, आणि तिला सजवायचं काम दीपाकडेच होतं. लाल गाडी मिळते म्हटल्यावर धम्मदीपने फोनवर दोनदा खात्री करून घेतली. गाडीत चालवणाऱ्याशिवाय एकच जण बसतो, हे दीपाच्या लगेच ध्यानात आलं होतं. त्यावर तोडही तिनेच काढली. जाताना बाबा चालवतील, शेजारी नवरदेव. येताना धम्मदीप स्वतः चालवेल, शेजारी साधना, आणि बाबा वऱ्हाडाच्या जीपमध्ये बसतील. धम्मदीपकडे लायसन होतं. फुलं कुठे लावायची, टप कुठे उघडायचा, फोटोवाल्याने कुठे उभं राहायचं, सगळं ठरलं.

लग्नाच्या दिवशी दीपा नवरी सजवायला पहाटेच पुढे गेली. सकाळी वऱ्हाडाची जीप घेऊन देवसिंग आला. हा आर्णीकडच्या तांड्यावरचा, उकंडाचा जुना दोस्त. लाल गाडी पाहून तो खाली उतरला आणि वाकून पाहू लागला.

"उकंडाभाऊ, हे गाडी हाये का वहाण? बसाची हाये का पायात घालाची?"

"बसून पाह्य."

"बसीन, पन उठवाले दोन मानसं ठेव."

जातानाचा प्रवास झकास झाला. कळंबला चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. गावाच्या वेशीपासून मांडवापर्यंत धम्मदीप सीटच्या पाठीवर बसून हात हलवत आला आणि ताशेवाल्यांना गाडीपुढून हटवता हटवेना. गावातल्या रस्त्यावर दोनदा गाडीचं पोट घासलं, तेवढं सोडलं तर उकंडाला नाव ठेवायला काही मिळालं नाही. मांडवाबाहेर सावलीत गाडी लावून तो उभा होता तोवर तीन जणांनी त्याचा फोन नंबर घेतला. जेवतानाच त्याचं मन जवळपास झालं होतं. उद्या अनिमेषला हो म्हणून टाकायचं.

त्रिशरण-पंचशील झालं, हार झाले, फुलं पडली, पंगती उठल्या. उन्हं कलल्यावर साधनाला निरोप द्यायला घरची माणसं गाडीपाशी आली. रडारड चालू होती. धम्मदीप स्टिअरिंगवर जाऊन बसला. तेवढ्यात घोळक्यातून साधनाची मावशी रुखमाबाई पुढे आली. अंगाने भरलेली, पांढऱ्या पातळातली, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा. तिने शेजारचं दार उघडलं, डबा पायाशी ठेवला आणि आत बसली.

"मावशे, सर थोडी. पोरीले बसू दे," कुणीतरी म्हणालं.

"मी कुठं नाई म्हनते? बसू द्या ना." तिने मागे वळून पाहिलं. मागे दुमडलेला टप होता आणि त्याच्यामागे डिकी. ती पाहतच राहिली. "अरे बाप्पा! हिले तं मागचं आंगच नाई. अर्धीच आनली का?"

मांडव हसला. रडणाऱ्या बायाही हसल्या. मग हसू हळूहळू ओसरलं, कारण गोष्ट एकेकाच्या ध्यानात येत होती. नवरीसोबत पाठराखीण जाते. पहिल्यांदा सासरी निघालेली मुलगी एकटी पाठवत नाहीत. रुखमाबाई दोन दिवस तिथे राहणार होती, तिच्याजवळ झोपणार होती आणि तिला घेऊनच परत येणार होती. हे नवरदेवाला माहीत होतं, दीपाला माहीत होतं, उकंडाला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. आठ दिवस गाडीचीच चर्चा चालली होती आणि तिघांपैकी एकालाही ती बाई आठवली नव्हती.

"मावशी, तुमी जीपमधी या ना," धम्मदीप आर्जवाने म्हणाला. "मागंच तं हाये जीप."

"अन् पोरगी पुढं एकटी? मी वऱ्हाडाच्या गर्दीत धूळ खात येऊ? मंग मी पाठराखीन कायची, जवाईबापू? वराती झाली मी."

"एकटी कुठं? मी हाव ना."

"तुमच्याच पायी तं मी चाल्ली!"

पुन्हा हशा झाला. धम्मदीपचे कान लाल झाले. वडीलधाऱ्यांनी दोन्हीकडून समजावलं, फोटोवाल्याने उजेड चालला म्हणून घाई केली. रुखमाबाई पिशवी मांडीवर घेऊन शांत बसली होती. शेवटी निकाल साधनानेच दिला. ती आतापर्यंत मान खाली घालून उभी होती.

"मी मावशीसंग जीपमधी बसते," ती म्हणाली, आणि चालू लागली.

रुखमाबाई लगोलग उतरली. नवरदेवाला एकट्याने लाल गाडी हाकत जाणं शोभेना, म्हणून तोही जीपकडे गेला. देवसिंगने वऱ्हाडातल्या दोघातिघांना टपावर चढवून तिघांसाठी बाक मोकळा केला. तो जाता जाता उकंडाला म्हणाला, "वहानीत आता कोन पाय घालनार हाये, भाऊ?" जीपमध्ये जागा उरली नव्हती, तेव्हा लाल गाडी पुन्हा उकंडाच्या हातात आली आणि शेजारी मेकअपची पेटी घेऊन दीपा बसली.

जीप पुढे आणि झेंडूच्या माळांची गाडी मागे, अशी ती वरात निघाली. कच्चा रस्ता होता. टप उघडा, त्यामुळे जीपची सगळी धूळ या दोघांच्या अंगावर. वाटेतल्या गावात लोक नवरा-नवरी पाहायला धावत, आणि त्यांना पिकल्या मिशांचा उकंडा आणि ओढणीने नाक दाबलेली दीपा दिसे. एका म्हाताऱ्याने तरीही हात जोडले. उकंडानेही मान लववली.

"काहून मान हालवता बाबा? तुमचं लग्न हाये का?"

"त्यानं हात जोडले तं काय करू?"

जीपच्या मागचा ताडपत्रीचा पडदा गुंडाळलेला होता. बाकावर साधना, तिच्याशेजारी रुखमाबाई, पलीकडे धम्मदीप. गावाची शीव ओलांडेपर्यंत साधना हुंदके देत होती. रुखमाबाईने तिला रडू दिलं. मग पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवून तिचं तोंड पुसलं. दीपाने सकाळपासून केलेलं सगळं काम त्या पदराला लागलं. नंतर डबा उघडला गेला. एक लाडू मोडून अर्धा साधनाच्या हातात दिला, अर्धा पलीकडे धम्मदीपला. त्याने तो घेतला. थोड्या वेळाने रुखमाबाई धम्मदीपला काहीतरी विचारत होती आणि तो बोटांवर मोजत घरातली माणसं सांगत असावा, कारण साधना मान वर करून ऐकू लागली होती.

दीपा बराच वेळ तिकडे पाहत होती. तिने शेकडो नवऱ्या सजवल्या होत्या. मांडवाच्या पुढे त्यांचं काय होतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आपल्या गाडीत ते मधी बसते," उकंडा म्हणाला.

"कोन?"

"पाठराखीन. एका खिडकीशी नवरी, एका खिडकीशी नवरदेव, मधी हे बाई. नवरदेवाच्या कपाळावर आठी. मले आरशात दिसते सगळं. पन त्याचे घरचे कोन, कसे, हे नवरीले तिच्यामुळंच समजते. नवरी थोडीच विचारते त्याले."

"तुमाले इतकं ठाऊक होतं तं आंधी काहून नाई सांगतलं?"

उकंडाने गिअर बदलला. "ध्यानातच नाई आलं. तिच्यासाठी कोनी गाडी बुक करत नाई ना. ते आपोआप येऊन बसते."

डांबरी रस्ता लागला, धूळ खाली बसली. दीपाने ओढणी सोडली. उकंडा मनात हिशेब मांडत होता. लाल गाडी फक्त जातानाची होती. परतीला दर वेळी दुसरी गाडी बोलवावी लागणार, आणि ती दुसरी गाडी त्याच्याकडे नसणार. ज्या तिघांनी नंबर घेतला होता, त्यांच्या घरीही एकेक मावशी नाहीतर आत्या असणारच.

दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन, पुसून, झेंडूची पाकळीन् पाकळी काढून त्याने ती वकिलांच्या अंगणात लावली. अनिमेष बाहेर आला. मागोमाग त्याची आई कुंदाताई ओट्यावर आल्या.

"लोकांना आवडली का, काका?"

"लय आवडली."

"मग? करायची ना अदलाबदल?"

"नाई जमत, भाऊ." उकंडाने किल्ली पुढे केली. "नवरीच्या मानसाले जागा नाई तिच्यात."

अनिमेषला काही उमगलं नाही. कुंदाताईंना उमगलं. "माझ्यासोबत माझी आजी आली होती," त्या म्हणाल्या. "दोन दिवस राहिली. पान खाऊन सासूबाईंचं सगळं अंगण रंगवलं तिने. मला इतकी लाज वाटली होती. पण ती निघाली तेव्हा मी तिची पिशवीच लपवून ठेवली."

ती लाल गाडी अनिमेषने पुढे अमरावतीला विकली. उकंडाला निर्णय स्वस्तात पडला नाही. त्या हंगामात आणखी काही लग्नं गेली. पावसाळ्यात त्याने डॉक्टरांना हो म्हटलं आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांच्या दारात किल्ली घेऊन उभा राहिला. पांढरी गाडी गल्लीत ताडपत्रीखाली होती. दिवाळीनंतर त्याने डॉक्टरांचा निरोप घेतला, बॅटरी बदलली आणि दीपाला सांगितलं, फोन आले तर घे.

पहिला फोन नेरहून आला. मुलाचा मामा बोलत होता आणि गाडी कोणत्या रंगाची, हे त्याने आधी विचारलं.

"पांढरी," दीपा म्हणाली. पलीकडून काही बोललं गेलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "ते लाल आमच्यापाशी नाई, भाऊ. बरं, मले एक सांगा, नवरीसंग कोन येनार हाये?"

पलीकडे मामाने रिसीव्हरवर हात ठेवून घरातल्या कुणाला तरी मोठ्याने तेच विचारलेलं तिला ऐकू आलं.