टोपीच्या कडेला बोट

कांदा चिरायच्या आधी चित्रलेखा तो दोन बोटं फाकवून धरायची, चेंडूच्या शिवणीवर बसवावीत तशी. मनगट एकदा वळवायची आणि मगच सुरी घ्यायची. सामना बघताना लसूण सोलायची. आपली टीम मागे पडली की पाकळ्यांना नखं लागायची. आघाडीवर असताना धावा मोठ्याने सांगायची नाही; दुसऱ्याने सांगितल्या तर त्याच्याकडे पाठ करायची. चहाचा शेवटचा घोट गवतावर ओतायची. कोणी चेंडू फेकताना दिसलं की स्वतःचा उजवा खांदा अंगठ्याने दाबायची. आणि मार्चपासून रविंद्रचं नाव घ्यायची नाही. "तो माणूस" म्हणायची.

मयूराला हे सगळं एका घरात राहून कळलं. पुण्यात मराठी साहित्यात एमए करून ती मेलबर्नला शिकायला आली होती आणि पॉइंट कुकमध्ये चित्रलेखाच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहत होती. लॉकडाऊनमध्ये कॅफेतली नोकरी गेली, वर्ग ऑनलाइन झाले, आणि घर सोडून बघायला दुसरं काही उरलं नाही. चित्रलेखाचा नवरा माधव पर्थजवळच्या खाणीत इंजिनीअर होता, तो राज्याची सीमा बंद झाल्याने तिकडेच अडकला होता. घरात चित्रलेखा, तिचा सतरा वर्षांचा ओजस आणि मयूरा. बाहेर पाच किलोमीटरची हद्द आणि खाडीवरून येणारा वारा.

चित्रलेखा जळगावची. शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळली, राज्याच्या टीममध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती. ऑस्ट्रेलियात शिकायला आली, शिकली, नोकरीला लागली, आणि मुलगा सात वर्षांचा झाल्यावर त्याला हाताला धरून जवळच्या बेसबॉल क्लबात घेऊन गेली. स्किपर्स क्रीक हा क्लब. त्याच्या मैदानाच्या एका बाजूला गवताचा उतार आहे. तिथे दर शनिवारी चार-पाच मराठी घरं चटया टाकून बसायची. क्लबातले गोरे लोक त्यांना काय म्हणायचे माहीत नाही, ते स्वतःला उतारवाले म्हणायचे. चिवडा चित्रलेखाचा, थर्मास रविंद्रचा.

रविंद्र तिच्या शेजारच्या चटईवर कित्येक वर्षं बसला. त्याचा मुलगा श्रेयस आणि ओजस एकाच वयाचे, एकत्रच वाढलेले. मग श्रेयसला क्रीकच्या पहिल्या टीममध्ये जागा मिळेना. नॉर्थ पिअर या पलीकडच्या क्लबाने ती देऊ केली. रविंद्र मुलाबरोबर तिकडे गेला, कमिटीवर बसला, निळं जॅकेट घालू लागला. इथवर चित्रलेखाने काही मनात धरलं नाही. मुलासाठी कोणीही जाईल, असं ती म्हणायची.

मग मार्चच्या पहिल्या शनिवारी फायनल आली. क्रीक विरुद्ध नॉर्थ पिअर, आणि क्रीककडून पिचर ओजस.

ओजसचे दोनच खरे चेंडू. एक फास्टबॉल, सरळ आणि जोरात. दुसरा कर्व्ह, तो बॅटरजवळ येऊन एकदम खाली बुडायचा. दोन्हींतला कोणता येणार हे न कळणं, एवढ्यावरच त्याचं सगळं चालायचं. पण कर्व्ह टाकायच्या आधी तो टोपीच्या कडेला बोट लावायचा. दर वेळी. त्याचं त्याला माहीत नव्हतं. चित्रलेखाच्या लक्षात आलं होतं, आणि तिने ते एका माणसाला सांगितलं होतं, उतारावर, चहा पिता पिता, हसत. रविंद्रला.

फायनलमध्ये अर्धा सामना नॉर्थ पिअरला ओजस खेळता आला नाही. मग निळं जॅकेट उठून त्यांच्या खेळाडूंच्या बाकापाशी जाऊन उभं राहिलं. त्यानंतर ओजसचं बोट टोपीला लागलं की त्यांचे बॅटर थांबायचे. कर्व्हची वाट बघत थांबायचे. शेवटचा फटका श्रेयसने मारला. कर्व्हच होता.

पुढे दोन आठवड्यांत सगळंच बंद पडलं. बक्षीस समारंभ नाही, शेवटचं जेवण नाही, कोणाला तोंडावर काही विचारायची सोय नाही. चित्रलेखा पॅथॉलॉजीत रक्त घ्यायच्या कामाला होती, तिला कोविडच्या टेस्टिंगवर टाकलं. गाड्या रांगेने यायच्या, काच खाली व्हायची, ही नाकात काडी घालायची. शिफ्टहून आली की कपडे गॅरेजमध्ये काढून थेट आंघोळीला जायची, आणि केस पुसत स्वयंपाकघरात आल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"आजही आला नाही तो माणूस माझ्या लेनला."

"आला तर काय करशील, चित्राताई?" मयूराने एकदा विचारलं.

"काही नाही गं. नियमाप्रमाणे करेन. काडी किती आत जाते, त्याला नियमात थोडी जागा असतेच."

मयूरा हसली. चित्रलेखा हसली नाही.

शनिवारी संध्याकाळी उतारवाले झूमवर जमायचे. नवा सीझन होईल की नाही, झाला तर कसा, यावर तावातावाने बोलायचे. भास्कर त्यांच्यातला सगळ्यात मोठा, ट्राम चालवून निवृत्त झालेला. तो दर आठवड्याला सीझन रद्द करून टाकायचा. त्याची बायको मागून म्हणायची, यांनी आमचं लग्नही असंच तीनदा रद्द केलं होतं. पहिल्या बेसवरच्या जाड्या कॅप्टनला आता बसवावं की नाही, यावर दोन तट पडले. प्रत्येक डावानंतर चेंडू सॅनिटायझरने पुसला तर कर्व्ह वळेल का, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. आणि भास्कर कधीतरी म्हणायचाच की फायनल आपण सरळ हरलो, ते लोक चांगले खेळले, विसरा आता. तेव्हा चित्रलेखा स्वतःचा आवाज बंद करायची. स्क्रीनवर तिचे ओठ मात्र हलत राहायचे. भास्करला वाटायचं, हिचं नेट गेलं.

ऑगस्टमध्ये कर्फ्यू लागला आणि चित्रलेखाने गॅरेज रिकामं केलं. भिंतीला जुनी गादी उभी केली. स्वतः गुडघ्यांवर बसून ग्लोव्ह धरला आणि ओजसला म्हणाली, टोपी काढून टाक. आठवडाभर त्याने बोडक्या डोक्याने चेंडू टाकले. कर्व्हच्या आधी त्याचा हात वर जायचा आणि कपाळापुढच्या हवेत थांबायचा. तिथे काहीच नसायचं. तो हाताकडे बघायचा. मग एके दिवशी तो हात जायचा थांबला, आणि तेव्हा तिने त्याला सांगितलं. मयूरा चहा घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसली होती.

"तुझी एक खोड होती. कर्व्हच्या आधी टोपीच्या कडेला बोट."

ओजस मराठी सगळं समजायचा, उत्तर इंग्रजीत द्यायचा. "सिन्स व्हेन?"

"झाली दोन वर्षं." ती कोपऱ्यात गेलेला चेंडू वाकून उचलत होती.

"अँड यू न्यू?"

"आईला नाही कळणार तर कोणाला?"

मग तिने त्याला फायनलची गोष्ट सांगितली. तो माणूस, उतारावर तिने त्याला हसत सांगितलेली खोड, त्याचं जॅकेट, त्याचं उठून बाकापाशी जाणं. आणि जळगावची पण सांगितली. राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांनी तिला तिची चूक दाखवली होती, की तू पाय घासतेस. त्यानंतर तिचा पाय कधी मोकळा पडला नाही. पायामागून खांदा गेला. म्हणून मी तुला सांगितलं नाही, असं ती म्हणाली. सांगितलं असतं तर तू आखडला असतास.

 ओजस चेंडू हातात फिरवत राहिला. मयूराला वाटलं, तो शिवणीवर बोटं बसवतोय.

बेत सोपा होता. सीझनभर टोपीला हात लावायचा नाही. फक्त नॉर्थ पिअरसमोर, फक्त श्रेयस बॅटिंगला असताना, फक्त बेसवर त्यांची माणसं असताना, एकदाच बोट कडेला न्यायचं.

"तो कर्व्हची वाट बघेल," चित्रलेखा म्हणाली. "तू छातीसमोरून फास्टबॉल काढ. बघत उभा राहील नुसता. आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघेन. मला दुसरं काही नको."

"शुअर, मम."

ऑगस्टच्या तिथल्या थंडीत घरात एक वेगळंच बळ आलं. रोजचे आकडे वाढत होते, चित्रलेखाच्या नाकावर मास्कचा वळ कायमचा उमटला होता, माधव फोनवर रडवेला व्हायचा. पण रोज शिफ्टनंतर गॅरेजमधून गादीवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज यायचा. ओजस आईचा शब्द मोडत नव्हता. सांगितलं तितके टाकायचा, वर आणखी टाकायचा. एवढा आज्ञाधारक तो यापूर्वी कधी नव्हता. चित्रलेखा मयूराला म्हणायची, बघ, त्यालाही लागलंय मनाला. खुन्नस आहे पोराच्या डोळ्यांत. खुन्नस होती, ते मयूरालाही दिसत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी शून्य रुग्णांचा दिवस आला. लोकांनी शून्याच्या आकाराचे म्हणून डोनट आणून खाल्ले. भास्करने सीझन रद्द केला होता तो परत चालू केला. डिसेंबरच्या सुरुवातीला क्लबने सराव सामना ठेवला, सीझनच्या आधी आठवडाभर, आणि समोर नॉर्थ पिअर. चित्रलेखाने शिफ्ट बदलून घेतली. आदल्या दिवशी चिवडा केला. मयूराला म्हणाली, उद्या माझ्या शेजारी बस. मला कोणीतरी साक्षीला पाहिजे.

उतारावर चटया लांब लांब टाकल्या होत्या. सगळे जाडजूड झाले होते आणि एकमेकांना तसं सांगत होते. पलीकडे, जाळीमागे, निळ्या जॅकेटमध्ये रविंद्र बसला होता. त्याने हात वर केला. उतारावरून भास्करने हात केला. चित्रलेखाने लसूण काढला.

ओजस सुरेख खेळला. टोपीला एकदाही हात नाही. नॉर्थ पिअरचे बॅटर फास्टबॉलला उशिरा आणि कर्व्हला लवकर बॅट फिरवत होते. उतारावर या वर्षीचा कप कुठल्या कपाटात ठेवायचा इथपर्यंत चर्चा गेली. चित्रलेखा धावा बोलत नव्हती. खांदा दाबत होती.

शेवटच्या डावात दोन माणसं बेसवर आली आणि श्रेयस बॅट घेऊन पुढे झाला. चित्रलेखाने मयूराचं मनगट धरलं. मैदानाकडे तिने बघितलंच नाही. ती जाळीमागच्या रविंद्रकडे बघत होती. त्यामुळे पुढचं सगळं आधी मयूराने पाहिलं.

ओजसने हात वर नेला. बोट टोपीच्या कडेला लावलं. सावकाश लावलं, आणि लागलेलं ठेवलं. लांबच्या चटईवरूनही दिसावं इतका वेळ. मग त्याने चेंडू टाकला.

कर्व्ह होता.

श्रेयस थांबला, जितकं थांबायला हवं तितकं, आणि त्याने मारला. चेंडू कुंपणाच्या पलीकडे पार्किंगमध्ये गेला. तो कुठे पडला ते सगळे बघत होते. ओजस बघत नव्हता. तो उताराकडे तोंड करून उभा होता. आईकडे बघत होता, हनुवटी जराशी वर. ती हनुवटी मयूराने घरात आठ महिने पाहिली होती. फक्त दुसऱ्या चेहऱ्यावर.

जाळीमागे रविंद्र उभा राहून टाळ्या वाजवत होता. मुलाने फटका मारल्यावर कोणताही बाप वाजवेल तशा.

भास्कर म्हणाला, कर्व्ह जरा वरच राहिला, होतं असं, सराव सामना आहे. चिवड्याचा डबा पुढे सरकला. चित्रलेखाने मयूराचं मनगट सोडलं. तिथे नखांच्या खुणा राहिल्या.

पार्किंगमध्ये ती गाडीला टेकून ओजसची वाट बघत थांबली. तो आला, गाडीची डिकी उघडली, बॅग टाकली. मग बूट काढून बॅगेशेजारी टाकले आणि चपला घातल्या.

"हात घसरला का?" तिने विचारलं. आवाजात अजून थोडी आशा होती.

"नो."

"मग?"

"टू इयर्स, मम." त्याने डिकी लावली. "यू टोल्ड हिम. यू डिडन्ट टेल मी."

तिने तोंड उघडलं. जळगाव, सर, घासणारा पाय, हे सगळं तिला पुन्हा सांगायचं असावं. ते त्याने एकदा ऐकलं होतं. तो थोडा थांबला, ती बोलते का बघत. मग म्हणाला, श्रेयसकडे जेवायला जातोय, रवीकाका सोडतील घरी. आणि निघाला. निळं जॅकेट गाडीचं दार उघडून उभं होतं. चित्रलेखा तिकडे दोन पावलं गेली. रविंद्रने मान हलवली, तिने हलवली नाही. गाडी गेली.

परत येताना मयूरा मनगटावरच्या खुणा चोळत बसली. साहित्य शिकली होती, माणसं समजतात असं तिला वाटायचं. चित्रलेखा फ्रीवेच्या आधीच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी थांबून राहिली. मागच्याने हॉर्न वाजवला.

"माझ्यावर गेलाय," ती म्हणाली.

एवढंच बोलली. त्यात राग होता. थोडा अभिमानही असावा, मयूराला ते तेव्हा ठरवता आलं नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या शनिवारी सीझन सुरू झाला. ओजसने क्लबला कळवून टाकलं होतं की या वर्षी तो पिचिंग करणार नाही, मैदानाच्या कडेला चेंडू अडवायला उभा राहील, जमलं तर. चित्रलेखाने शिफ्ट घेतली होती. मयूरा सकाळी कपडे वाळत घालायला मागच्या दाराने बाहेर आली. पायरीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर डिकीत राहिलेले ओजसचे बूट. एकाच्या तळातली लाल माती खिळ्यांच्या फटींतून टोकरून काढलेली, नाडी काढून पाण्यात टाकलेली, चामडं पुसलेलं. शेजारी जुना चमचा पडला होता, आणि चित्रलेखाचा चहाचा कप. दुसरा बूट मातीसकट तसाच होता, नाडीची गाठही सुटलेली नव्हती.