अक्षरे की अक्षरं

आमच्या घरात भांडणं रोजचीच. भाजीत मीठ किती इथपासून खिडकी उघडी की बंद इथपर्यंत कशावरूनही जुंपते. पण सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते एका मात्रेवरून. तेही सासरी, सोयगावला, सासऱ्यांच्या समोर, नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं असताना. आणि त्या भरात मी नवऱ्याला मोठ्यांदा 'गाढवा' म्हणाले.

थांबा, नीट सांगते.

आम्ही दोघंही फोनवरची अ‍ॅप बनवतो. शहरात, गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली म्हणजे ऑफिस. क्लासवाल्यांची, दुकानदारांची छोटी-मोठी कामं येतात. कामाची वाटणी अशी काही नाही. दुसऱ्याचं काम बघून जो आधी वैतागतो, तो ते ओढून घेतो. नवरा सोयगावच्या शेतकरी घरातला. मी इथली, शहरातली, आणि माझी आई जन्मभर शाळेत मराठी शिकवणारी. बोलताना 'इथं' चालेल, पण वहीत 'इथे'च हवं, ही आमच्याकडची बाराखडी. नवऱ्याला मी घरात अरे-तुरे करते. पण अजिंठ्याचा घाट उतरला रे उतरला की तोंडून आपोआप 'अहो' सुरू होतं. तो खो खो हसतो आणि म्हणतो, "तुझी सेटिंग बघ कशी बरोबर जागेवर बदलते!"

सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. दादांचं वेड म्हणजे मंगलाष्टकं. भावकीत लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी लोक दादांकडे येणार. वधूचं नाव, वराचं नाव, मामाचं गाव, मुलगी काय शिकली, मुलगा काय करतो, हे सगळं विचारून घेऊन ते नवी कडवी रचणार आणि मांडवात स्वतःच म्हणणार. गळा असा की बोहल्यावरची मुलगी सोडा, आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर येतो. आमच्या लग्नात त्यांनी माझा लॅपटॉपही कडव्यात बसवला होता. माझ्या माहेरची मंडळी आधी दबकत हसली आणि मग डोळे टिपायला लागली.

पुढे दादांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की आहे ती नजर राहील, पण बारीक वाचणं आता जमायचं नाही. दादांनी ते मनावर घेतलं नाही. मग पुतण्याचं लग्न आलं. दुसऱ्याच कडव्यात ते अडले. कागद नाकाजवळ आणला, लांब धरला, उजेडाकडे फिरवला. सगळा मांडव अक्षता मुठीत धरून उभा. तेवढ्यात स्पीकरवाला पोरगा स्टेजवर चढला. "काका, राहू द्या, माझ्याकडं रेकॉर्डिंग हाय," म्हणाला आणि त्यांच्या हातून माईक काढून घेतला. पोरगा वाईट नव्हता हो, मुहूर्त निघून चालला होता. पण दादा खाली उतरले, शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा दादा मंगलाष्टकं म्हणणार की नाही, यातच सगळ्यांचा जीव अडकलेला. मुलगा छान, शहराबाहेर शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला, नणंद खुशीत. दादांनी मात्र जाहीर करून टाकलं, "मी नाय म्हणणार. त्या स्पीकरवाल्याला सांगा. माझ्यापायी पोरीचा मुहूर्त लटकायला नको."

नणंद म्हणजे घरातलं शेंडेफळ आणि दादांची लाडकी. ती म्हणाली, "मग मीबी अंतरपाटापुढं उभी राहत नाय. बघा काय करायचं ते."

बापलेकीत बोलणंच बंद झालं. सासूबाई मला फोन करून म्हणाल्या, "तुम्ही दोघं एवढं फोनमधलं शिकलात, बापाला दिसंल असं काहीतरी करा की!"

आम्ही मोठ्या अक्षरांत कागद छापून पाहिले होते. एका कडव्याला दोन-दोन पानं लागायची, आणि पंख्याखाली धरली की एक पान इकडे नि एक तिकडे. मग ठरवलं, दादांसाठी अ‍ॅपच करायचं. काळ्यावर पिवळी अक्षरं, हवी तेवढी मोठी, बोट लावलं की पुढची ओळ. पडदे दोनच. पहिल्यावर दादांनी आपल्याला हवी तशी अक्षरं निवडायची, दुसऱ्यावर मंगलाष्टकं वाचायची. मी दोन्ही पडदे झटपट उभे केले. नवऱ्याने पहिला पडदा पाहून नाक मुरडलं. "हे काय, रेशनकार्डासारखं दिसतंय," म्हणाला आणि तो पडदा त्याने नव्याने केला. करू दिला मी. दिसायला खरंच छान झाला होता, पण हे मी तेव्हा बोलले नाही.

लग्नाआधीच्या रविवारी दुपारी सोयगावला पोचलो. दादा पुढच्या खोलीत दिवाणावर बसलेले. बघायचंच नाही अशा थाटात होते, पण चष्मा पुसून तयार होता. नवऱ्याने त्यांच्याच फोनवर अ‍ॅप घालून दिलं. दादांनी बोटाने अक्षरं वाढवली, वाढवली, आणखी वाढवली.

"दिसलं!" दादा ओरडले. "अगं ए, इकडं ये! दिसायलं मला! लई ब्येस!"

सासूबाई आल्या, नणंद आली, अबोला विसरून बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "आता पुढे जा दादा, पहिलं कडवं उघडा." त्यांनी उघडलं.

आणि अक्षरं मुंग्यांएवढी.

दादांनी मागे जाऊन पाहिलं, तिथं मोठी. पुढे आले, परत मुंग्या. तीनदा केलं. मग फोन हळूच उशीवर ठेवला. "राहू द्या पोरांनो," म्हणाले. "तुमचं काय चुकत नाय. डोळेच गेले, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. नणंद तडक आत निघून गेली. आणि मी वळले नवऱ्याकडे.

"अहो, काय केलंत तुम्ही त्या पडद्याचं?"

"मी? माझा पडदा बरोबर हाय. तुझंच वाचायला चुकायलंय."

"माझ्या फोनवर चालतंय! हे बघा, ढळढळीत मोठी अक्षरं!"

"मग दादांच्या फोनवर काहून चालत नाय?"

दोन लॅपटॉप शेजारी शेजारी दिवाणावर मांडले. आता हे कसं असतं ते सांगते, अवघड काही नाही. फोनच्या पोटात एक मांडणी असते असं समजा. एका पडद्यावर माणसाने काही निवडलं की ते एका डब्यात घालून ठेवायचं आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. दुसरा पडदा तीच चिठ्ठी शोधतो, डबा उघडतो आणि आतलं वापरतो. पण चिठ्ठी अक्षरन् अक्षर तीच हवी. नाही सापडली तर तो बोंब मारत नाही, काही नाही. मुकाट्याने मूळचं बारीक अक्षर दाखवतो. घुम्या माणसासारखं. आमचा आपला हट्ट, की घरच्या अ‍ॅपमध्ये चिठ्ठ्यांची नावं मराठीच ठेवायची, तीही मराठी लिपीत.

मी माझी ओळ वाचली. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'अक्षरे'. नवऱ्याची ओळ वाचली. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'अक्षरं'.

तो ठेवत होता 'अक्षरं'च्या डब्यात, मी शोधत होते 'अक्षरे'च्या. आणि माझ्या फोनवर चालत होतं, कारण पहिल्यांदा दोन्ही पडदे मीच केले होते. तेव्हाचा माझा जुना डबा तिथंच पडून होता, मोठ्या अक्षरांसकट.

आणि मग ते घडलं. घाट, सासर, सासरे, सगळं विसरून मी ओरडले, "अरे गाढवा, 'अक्षरे' असतं ते! लिहिताना 'अक्षरे'!"

सासूबाई लाटणं हातात घेऊन दारात. त्यांच्यामागून नणंदेचं डोकं. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दादांना हसू फुटलं. आधी मिशीतल्या मिशीत, मग खांदे हलायला लागले, मग ठसका लागेपर्यंत. त्या पुतण्याच्या लग्नानंतर त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. "गाढव!" ते म्हणाले. "अगं, ह्याची आजी याला हेच म्हणायची!"

सासूबाईंनी लाटणं माझ्याकडे रोखलं, मग नवऱ्याकडे वळवलं. "म्हणती ते बरोबरच हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्या जिवात जीव आला.

"पण झालं काय?" दादांनी विचारलं.

मी म्हटलं, "दादा, तुमच्या मुलाने डब्यावर 'जिरं' लिहिलं आणि मी 'जिरे' शोधत बसले, असं झालं."

"मंग? जिरे काय नि जिरं काय, नाकाला कळतंच की."

"तुमच्या नाकाला कळतं. फोनला नाक नाही."

"कोण म्हणतं 'अक्षरे'?" नवरा अजून तणतणत होता. "सांग ना, अख्ख्या सोयगावात कोण म्हणतं?"

"लिहिताना म्हणतात! माझ्या आईला विचार!"

"तुझी आई काय फोनमध्ये बसलीय का?"

दादांनी हात वर केला. "गपा दोघं. मी सांगतो. गाताना मी 'अक्षरे' म्हणतो, तिथं तेच शोभतं. बोलताना 'अक्षरं' म्हणतो. दोन्ही खरंच हाय. पण पोरी, वाचायचं कुणाला?"

"तुम्हाला, दादा."

"मंग माझ्या बोलीत ठेव."

मी माझी मात्रा खोडली. नवरा एवढा माजला की संध्याकाळपर्यंत येता-जाता मला 'अक्षरं' म्हणूनच हाक मारत होता. दादांनी परत फोन घेतला, पुढच्या पडद्यावर गेले, आणि पिवळी, ठसठशीत अक्षरं तिथंही तशीच. ते एक-एक शब्द मोठ्याने वाचत गेले, अगदी पहिलीतल्या मुलासारखे, आणि नणंद दारात उभी राहून मुळुमुळु रडत होती नि हसतही होती. कडवी संपल्यावर दादांनी हळूच विचारलं, "यात नवीन कडवं घालायचं झालं तर?" मी त्यांना फोनशी बोलून लिहायचं कसं ते दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि फोन खिशात टाकला. मग दोन दिवस ते गोठ्याकडे जाऊन काहीतरी पुटपुटत होते, असं सासूबाई म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी मांडव फुलून गेला होता. माझे आई-बाबाही शहरातून आले होते. अंतरपाट धरला. स्पीकरवाला पोरगा तोच, मागच्याच लग्नातला, कोपऱ्यात आपल्या पेट्यांशी बसलेला. दादा फेटा सावरत पुढे आले, खिशातून फोन काढला. नवऱ्याच्या दंडाला मी चिमटा घेऊन धरला होता आणि त्याने तो घेऊ दिला.

दादांनी सूर लावला. पहिलं कडवं गेलं, गणपतीचं. दुसरं गेलं. तिसऱ्यात शेंद्र्याची कंपनी आली तशी वरपक्षाकडून हशा आणि टाळ्या. फोनवर बोट पुढे सरकत होतं, आवाज चढत होता, आचारी बाहेर आला होता.

मग एक कडवं सुरू झालं जे मी कधी ऐकलंच नव्हतं. दादांनी स्वतः घातलेलं. नणंद लहान असताना ओट्यावर पाटी घेऊन बसायची आणि दादा तिचा हात धरून गिरवून घ्यायचे, ते सगळं त्यात होतं. आणि मग ही ओळ आली:

'ज्या हातास धरून अक्षर दिले, तो हात सोडू कसा...'

आणि दादा थांबले.

ओळ तशीच लटकली. अक्षता मुठीत. कोणीतरी मागे म्हणालं, "परत दिसंना वाटतं." मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मनात एकच, परत बारीक झाली का? कुठला डबा राहिला? स्पीकरवाला पोरगा उठला, मागच्यासारखाच, दोन ढांगांत स्टेजवर चढला आणि माईककडे हात नेत हळूच म्हणाला, "काका, दिसत नसंल तर राहू द्या."

दादांनी माईक छातीशी ओढला. डोळ्यांतून धारा लागलेल्या. पण आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

"थांब रे बाबा! दिसतंय मला. लख्ख दिसतंय. दिसतंय म्हणूनच तर थांबलो."

आधी हसू उसळलं, मग सगळ्या मांडवाचे पदर आणि रुमाल डोळ्यांना लागले. अंतरपाटाच्या अलीकडून नणंद ओरडली, "दादा, म्हणा आता! मी उभी हाय ना!"

दादांनी काचेवर पडलेलं पाणी सदऱ्याला पुसलं, फोन समोर धरला आणि तीच ओळ पहिल्या शब्दापासून उचलली.