झुरेमाची बादली

झुरेमा येण्याआधी तिचं हसू यायचं. जिन्यात आवाज घुमला की आम्ही नर्सा म्हणायचो, आली बाई. दाराशी कानातले मोठाले डूल काढून खिशात टाकायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि आत येऊन प्रत्येक काचेच्या पेटीपाशी थांबायची. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची छाती मोकळी करणं, त्यांना हातपाय हलवायला शिकवणं, हे तिचं काम. सांतारें शहरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एकाची ही लेक. सगळी भावंडं तापाजोस नदीत डुंबतच मोठी झालेली.

आमची बाळं वाचायची, पण सुखात नसायची. सुया, नळ्या, चिकटपट्ट्या, यंत्रांची टिकटिक. माणसाचा हात लागला की काहीतरी टोचणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक झालेलं. मुठी आवळून, अंग ताठ करून रडायची.

एकदा झुरेमा बेलें शहरात प्रशिक्षण शिबिराला गेली आणि परतीच्या बोटीत मांडीवर एक गोल, खोलगट बादली घेऊन बसली. तिथे तिनं बघितलं होतं, सुती कापडात गुंडाळलेलं बाळ खांद्यापर्यंत कोमट पाण्यात धरतात आणि ते शांत होतं.

"एदिल्सा," ती मला म्हणाली, "आईच्या पोटात ही पोरं पाण्यातच होती ना? वेळेआधी बाहेर आली. थोडं पाणी परत देऊ या की!"

आमचे मोठे डॉक्टर ओतावियो चष्म्यावरून बघत म्हणाले, "झुरेमा, हे इस्पितळ आहे, धुण्याचा घाट नाही." पण तिनं पाठ सोडली नाही, तेव्हा त्यांनी एका बऱ्यापैकी सुधारलेल्या बाळाला परवानगी दिली.

पाण्यात ते बाळ छान निवांत झालं. बाहेर काढलं आणि पावलं निळसर पडायला लागली. वर एसीचं तोंड होतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही त्याला दिव्याखाली उबेत ठेवलं, थोड्या वेळानं रंग परतला. डॉक्टरांना कुणी सांगायच्या आत झुरेमाच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पाणी नीट बघितलं डॉक्टर, वारा बघितला नाही. चुकले."

"बंद करा हे."

"आज बंद. पण कायमचं नाही म्हणू नका."

दुसरी कुणी असती तर बादली माळ्यावर गेली असती. झुरेमानं कापडाच्या बाहुलीत वाळू भरून तिला बाळाइतकं जड केलं आणि आमची तालीम सुरू केली. डोकं कुणी धरायचं, गरम टॉवेल कुणी झेलायचा, दिवा कुठे हवा. आम्ही चिडवायचो, "अगं, बाहुलीला सर्दी होईल!" एसीच्या वाऱ्यापासून दूर, उबेच्या दिव्याला लागून तिनं जागा ठरवली. एक दिवस डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. मग आत आले, टॉवेल हाताला लावून बघितला आणि म्हणाले, "याहून गरम हवा. आणि पुढच्या वेळी तापमान मी स्वतः बघणार."

ती पुढची वेळ म्हणजे तायनारा. बापाचं नाव नाझारेनो, नदीवर मालाची बोट चालवणारा. तिची आई देउझा खालच्या वॉर्डात, रक्तदाब एवढा की उठू देत नव्हते. नाझारेनो रोज यायचा आणि हात पाठीमागे बांधून पेटीसमोर उभा राहायचा. पोरीला बोटही लावायचा नाही. आता पोर स्वतःचा श्वास स्वतः घेत होती, सलाईन निघालं होतं, पण रडणं थांबत नव्हतं.

"आज अंघोळ तुम्ही घालायची," झुरेमा त्याला म्हणाली.

"मी? डॉक्टरीणबाई, हे हात बघा. दोरखंड ओढून खरबरीत झालेत नुसते."

"मी डॉक्टरीण नाही, झुरेमा. आणि ऐन पावसाळ्यात बोट हाकता ना नदीत? मग बादलीला काय घाबरता?"

"बोट बुडाली तर मी पोहेन हो. ही कुठे पोहणार?"

"ही तुमच्या हातात असणार. माझे हात खाली आहेतच."

त्यानं नखांपर्यंत हात घासले. झुरेमानं पोरीला कापडात गुंडाळलं, गुडघे पोटाशी, मुठी तोंडाशी, आणि त्याचे तळवे धरून तिच्या मानेखाली आणि ढुंगणाखाली ठेवले. पाय पाण्याला लागले तशी तायनारा किंचाळली. नाझारेनो थिजला.

"थांबू नका. हळूच खाली. बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

"बोट धक्क्याला लावताना काय बोलता?"

"शिव्या देतो!"

डॉक्टर ओतावियो तापमापकाकडे बघत होते, तेसुद्धा फिसकन हसले. तोवर पाणी खांद्यापर्यंत आलं होतं. रडणं हुंदक्यावर आलं, मग तेही गेलं. एक मूठ उघडली. तायनारानं डोळे उघडून बापाकडे बघितलं, जांभई दिली आणि त्याच्या तळहातात झोपली. तो हलायला तयार नाही. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं, ते बादलीतलं नव्हतं.

गरम टॉवेलात घेतली तरी पावलं गुलाबीच राहिली. डॉक्टर म्हणाले, "परवा पुन्हा."

त्या 'परवा'ला देउझाला चाकांच्या खुर्चीत बसवून वर आणलं. नाझारेनो तिला ऐटीत शिकवत होता, "अशी धर, मान सोडू नकोस." ती म्हणाली, "नऊ महिने पोटात धरायला निघाले होते मी, तू मला शिकवतोस?"

तायनारा बाळसं धरून बापाच्या बोटीनंच घरी गेली. पाण्यात घालण्याजोगं होईल त्या प्रत्येक बाळाला आता आमच्याकडे ही अंघोळ मिळते, आणि नव्या डॉक्टरांना ती कुठल्या वेळी द्यायची आणि कुठल्या वेळी नाही, हे ओतावियो स्वतः बजावतात.

परवा झुरेमा सांगत होती, नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावानं तिला शिकवायला बोलावलंय.

"त्यांच्याकडे उबेचा दिवाच नाही म्हणे," मी म्हटलं.

"मग आधी दिवा मागू," ती डूल कानात अडकवत म्हणाली. "मागायला मला कधी लाज वाटलीय?"