मनकर्णाबाईंच्या हातचे शेंगोळे

आईच्या दुखण्यापायी मी माहेरी अडकले, तेवढ्यात आमच्या ह्यांना माळीवाड्यातल्या एका खानावळीची चटक लागली. मी परत आले, तर हे ताटावर बसताच सुरू, "मनकर्णाबाईंचे शेंगोळे एकदा खाऊन बघ तू."

शेंगोळे मीही करत होतेच. हुलग्याच्या पिठाचे वेढे वळायचे नि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे, त्यात काय एवढं? पण आता ह्यांच्या ताटात निम्मे तसेच राहायचे. हात मिठाच्या वाटीकडे जायचा. माझ्या हातच्याबद्दल मात्र काही बोलायचे नाहीत.

परक्या बाईचं नाव माझ्या स्वयंपाकघरात रोज निघू लागल्यावर देवापुढे बसूनही चित्त थाऱ्यावर राहीना. जप दत्ताचा, डोळ्यांपुढे मनकर्णा. कशी असेल? तरणी असेल? शेवटी पौषातल्या एका संध्याकाळी, हाडं गारठवणारं वारं सुटलेलं असताना मीच म्हटलं, "न्या मला. बघू तरी."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेर जेवायला निघाले, ती अशी.

खानावळीचे मालक गोरक्षनाथ गल्ल्यावर बसले होते. बायकांसाठी कोपऱ्यात पडदा लावलेलं एक बाक होतं, तिथे आम्हाला बसवलं. तिथून चूल सरळ दिसे. चुलीपुढची बाई साठीकडे झुकलेली, काळीसावळी, कपाळ मोकळं, हातांना घट्टे. वाटलं होतं, वय बघून जीव थंड होईल. झाला नाही. तरणीताठी असती तर मनातल्या मनात चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. या म्हातारीला काय म्हणायचं?

"आल्या का वैनी! बरं केलं भाऊसाहेब, घरची लक्ष्मी बरुबर आनली. थंडी लई हाय, चुलीकडं सरकून बसा."

ह्यांचा चेहरा असा खुलला, की मी पदर नीट करायच्या निमित्ताने मान खाली घातली.

वाढताना त्या म्हणाल्या, "भाऊसाहेबांना कडंचे आवडत्यात, जरा आळलेले."

कडेचे! इतकी वर्षं संसार केला, मला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच घासाला चव कळली, आणि कळली याचाच राग आला. "लसणाचा जोर आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे रोजचा नैवेद्य असतो, लसूण चालत नाही."

"लसनाचं काय न्हाई वो." असं म्हणून मनकर्णाबाईंनी डावातला रस्सा तळहातावर थेंबभर घेतला, चाटला, हात धुतला आणि पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं.

"अहो, उष्टं झालं की सगळं!" माझ्या तोंडून निघून गेलं. नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला काही लागता कामा नये, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. आमच्याकडे कुणीच चाखत नाही.

"हात धुतला की वैनी. चाखल्याबिगर कसं कळंल?" त्या चुलीपुढे उकिडव्या बसल्या. "पारनेराकडची मी. माजं मालक कवाच गेलं. दुष्काळात खडी फोडायला रस्त्याच्या कामावर हुते. आमी बाया पाळीनं सैपाक करायचो, समद्या टोळीचा. एक दिस माज्या हातनं खारट झालं. दिसभर उनात खडी फोडलेली मानसं, दुसरं पीठ कुठनं आनायचं? पानी वतून वतून खाल्लं समद्यांनी. कुनी एक शबूद बोललं न्हाई. तवा कानाला खडा लावला. मानूस शिव्या देतो ते परवाडतं वैनी, पर न बोलता खातो ना, ते लई वाईट."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताटात बघत होते.

"गोरक्षनाथ तितं पानी आनून द्यायचा टँकरनं," त्या म्हणाल्या. "त्यानं माजी भाकरी खाल्ली आन म्हनला, मावशी, नगराला चला. आले."

"आणि देवाला काय, चाखलेलं दाखवायचं?" मी सोडलं नाही.

"तेवडं मला न्हाई कळत. तितं आदी मानसं भुकेली हुती."

घरी येताना ह्यांनी स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी शेंगोळे केले, लसणाशिवायच. उकळी आल्यावर देवाची वाटी आधी काढली, नैवेद्य दाखवला, आणि मग तळहातावर थेंबभर रस्सा घेतला. अळणी! म्हणजे इतकी वर्षं दत्तमहाराजही बिचारे न बोलताच जेवत होते. पातेल्यात मीठ घातलं, देवाच्या वाटीतही चिमूट टाकली आणि दुसऱ्यांदा हात जोडले.

हे जेवायला बसले. मी कडेचे, आळलेले वाढले. मिठाकडे हात गेला नाही. पुन्हा मागून घेतले. मी डाव हातात धरून उभी. आता बोलतील, मग बोलतील.

बोलले. "वा! अगदी मनकर्णाबाईंसारखे झालेत."

मी मिठाची वाटी उचलली आणि फडताळात ठेवून दिली. रात्रीच्या आरतीला एवढंच मागितलं, की पुढच्या खेपेला ह्यांच्या तोंडून नाव माझं निघू दे. त्या बाईचं वाईट मागितलं नाही. मनात आलं होतं, ते देवापासून लपवून काय करू?