बागेतला उलटा बूट

आमच्या मँगनीजच्या खाणीचा मॅनेजर इंग्रज होता. मी सौंसरकडच्या त्याच्या ऑफिसात कारकून होतो आणि त्याच्याच फुटबॉल टीममध्ये हाफबॅक. स्वातंत्र्य आलं तेव्हा त्याच्या जातभाईंनी बोजे बांधले. हा राहिला. तिकडे याला कोण विचारणार होतं?

तरुणपणी आपण विलायतेत नावाजलेले खेळाडू होतो, असं तो सांगायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो कुठल्याशा गिरणीच्या टीममधून खेळलेला होता. पुढे ती टीम एका मोठ्या शहराची झाली. झेंडा बदलल्यावर तर खुद्द राजा याची मॅच पाहायला येऊन गेला. राज्य जसजसं खालसा होत गेलं तसतशी याची कारकीर्द वाढत गेली. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! आमचे बडे बाबू, म्हणजे ऑफिसचे हेडक्लार्क, प्रत्येक गोल ऐकून मान डोलवायचे. त्यांनी जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता.

आता तो टीमचाही मॅनेजर होता. म्हणजे कडेला खुर्ची टाकायची, शिट्टी फुंकायची आणि आम्हाला जंगली म्हणायचं.

आमचा सेंटर फॉरवर्ड माझा मित्र होता. घरची तिगावला संत्र्याची बाग, हा खाणीवर हजेरी घ्यायचा. तो अनवाणी खेळायचा आणि चेंडू त्याच्या पायाला गोचिडासारखा चिकटायचा. नागपूरला प्रांताच्या टीमची निवड व्हायची होती. तिथे आमची एक मॅच ठरली, निवड करणारे ती पाहायला बसणार होते. मित्राला दुसरं काही सुचत नव्हतं. प्रांताकडून खेळायचं, बस्स. साहेबाने शब्द दिला की मी तुला पुढे करीन, पण बूट घालावे लागतील. नागपूरहून बूट आले. महिनाभर हा बिचारा ते घालून धावला आणि मॅचच्या सकाळी त्याच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या.

आज अनवाणी खेळू द्या, एवढंच त्याने मागितलं. साहेबाने त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः चड्डी चढवून सेंटर फॉरवर्डच्या जागी उतरला. वय पन्नाशीचं, पोट हातभर पुढे. विलायती खेळ काय असतो ते नागपूरकरांना दाखवणार होता म्हणे. थोड्याच वेळात तो कमरेवर हात ठेवून म्हशीसारखा धापा टाकायला लागला. आम्ही मार खाल्ला. निवडणाऱ्यांनी चहा घेतला आणि ते निघून गेले. परतताना साहेब आम्हालाच शिव्या घालत होता. मला त्याची किळस आली, ती आजही गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या मॅचमधले आपले बूट मित्राला बक्षीस दिले. यात सराव कर, पुढच्या वर्षी पाहू, म्हणाला. पुढच्या वर्षी प्रांतच उरला नाही. राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळच्या पदरात पडलो. आता नागपूरवाले आम्हाला कशाला निवडतील?

त्याच हिवाळ्यात खाण विकली गेली आणि साहेब एकदाचा निघाला. जाण्याआधी बडे बाबूंनी त्याला संत्री खायला मित्राच्या बागेत आणलं. बाग फळांनी लवली होती. आमच्याकडे बाग अशी धरली की नजर लागू नये म्हणून जुना जोडा उलटा टांगतात. मित्राच्या वडिलांनी पहिल्याच झाडाला साहेबाचा बूट टांगला होता.

साहेबाने तो ओळखला. हा इथे का, असं त्याने विचारलं. बडे बाबूंनी घाम पुसत इंग्रजीत सांगितलं की हा आमच्याकडचा मोठा मान आहे, देवासारखा पुजतात. काय सांगितलं ते मी मित्राच्या कानात सांगितलं.

"बडे बाबू, खोटं काहून बोलून राहिले?" मित्र म्हणाला. "जोडा कायले टांगतेत ते सांगा ना त्याले."

बडे बाबूंनी त्याचंही इंग्रजी केलं: हा म्हणतो, साहेबांची फार आठवण येईल. साहेबाचे डोळे भरून आले. त्याने बुटाला सलाम ठोकला, खिसे भरून संत्री घेतली आणि गाडीत बसला. मला हसू आवरेना. बडे बाबू धुळीत उभे राहून हात हलवत होते.

मी वळलो तर मित्र झाडावरून बूट सोडत होता. राहू दे की, मी म्हणालो, बागेला नजर लागेल.

"ज्याची लागाची होती त्याची मले लागून गेली," तो म्हणाला. "आता संत्र्याले कोणाची लागते?"

त्याने बूट धुऱ्याच्या बांधापलीकडे नाल्यात फेकला. हाताने फेकला, पायाने नाही. त्यानंतर त्याला मैदानावर कोणी पाहिलं नाही.