माधवीचं उद्यापन

चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माधवीला आठवड्यात सातच वार मिळाले. आठवा असता तर तिने तोही उपवासाला लावला असता. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्ये एकादशी आली तर बोनस. देवांच्या तावडीतून सुटलेले वार मोबाइलवरच्या डाएटने पकडले होते: सोळा तास पोट रिकामं, मग अर्धी काकडी, मग पुन्हा रिकामं. बाकीच्या बायका उपवास म्हणून साबुदाण्याची कढई पुसून खातात. ही ग्लासभर ताक घ्यायची, त्यातलंही अर्धं ठेवायची.

बिल्डिंगीतल्या बायका हळदीकुंकवाला आधी तिच्या पाया पडायच्या आणि मग कानाशी लागायच्या, "किती उतरलं गं?"

उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात ती शिलाई तपासायची. सिंधी सेठ रोज डबा उघडून पापड पुढे करायचा. "दीदी, पापड तो खाओ. इसमें है क्या, हवा है!"

"आज व्रत है, सेठ."

"कल भी था! आपका भगवान बड़ा कड़क है. हमारा तो खिला-खिला के मारता है!"

देव कडक नव्हता. त्याला नुसता पुढे उभा केला होता. डाएट म्हटलं की घरचे ओरडतात, व्रत म्हटलं की वाट सोडतात, एवढं माधवीला पोरवयातच कळलं होतं.

श्रावण संपता संपता ती कारखान्यात चक्कर येऊन पडली. पँटींच्या गठ्ठ्यावर पडली, म्हणून डोकं वाचलं. अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि तिच्याऐवजी नवऱ्याला झापलं.

"गर्भाशयात गाठ आहे. रक्त चाललंय आणि हिमोग्लोबिन सहा! इंजेक्शनं मी देते, पण ही जेवली नाही तर भरणार कशावर? ऑपरेशनला महिन्यानंतरची तारीख देते. तोवर नऊ-दहा झालं नाही तर टेबलावर घेणार नाही. आणि गाठ काही तुमच्या व्रतांसाठी थांबणार नाही."

नवरा विनीत, अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर. कामात केसाएवढा फरक पकडणारा माणूस, पण बायको पंधरा वर्षांत निम्मी झाली ते त्याच्या नजरेत आलं नाही. उलट मित्रांत म्हणायचा, "आमची अजून कॉलेजची दिसते."

आता मात्र त्याचं डोकं चाललं. उपवासांनी घात केला ना? मग उपवास सोडवायचे. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, सोळा सोमवारांचं रीतसर उद्यापन करा, बाकीचे वारही त्यातच सोडवू. चुरम्याचे तीन वाटे: एक देवाचा, एक पाहुण्यांचा आणि तिसरा व्रत करणारीने स्वतः खायचा. तो टाकता येत नाही, कुणाला देता येत नाही. विनीत खूश. आता पळून दाखव म्हणावं!

माधवीला पळायचं नव्हतंच. तिला जगायचं होतं; फक्त हे तिला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून ती सकाळी ओट्याशी उभी राहून एक घास तोंडात घालून बघायची. घास या गालातून त्या गालात फिरायचा आणि गिळायची वेळ आली की घशाला कुलूप. चार-चार दिवसांत एखाद्या वेळीच उघडायचं. तेवढ्यावरही तिने आशा धरली होती.

ऑपरेशन आठवड्यावर आलं तेव्हा उद्यापन ठेवलं. त्याला पालेगावहून बनूकाकू आली. आईबाप गेल्यावर माधवीला आणि तिच्या धाकट्या भावाला, सनीला, हिनेच सांभाळलं. म्हणून मानाचा पाट तिला. काकू पंचाहत्तरीची, दात सगळे जागेवर. तिचा मुलगा आता पालेगावची जमीन बिल्डरला देऊन मोठ्या गाडीतून फिरतो, हे तिने जिन्यातच तीन बायकांना सांगून टाकलं.

पंगत बसली. माधवीने एक पुरी खाल्ली. खरंच खाल्ली! विनीतने तर मोबाइलवर फोटो काढला. तिने दुसरी मोडली आणि शेजारच्या किर्तीने काकूला डिवचलं, "काकू, ही लहानपणी पण अशीच का हो? चिमणीसारखी?"

"चिमणी?" काकू खिदळली. "घार होती घार! दोघांत मिळून तीन भाकऱ्या द्यायची मी. एकदा हिने सनीच्या वाट्याची पण चापली. आणि वर मलाच विचारते, काकू, अजून आहे का!"

पंगत हसली. विनीतही हसला. माधवीचा हात ताटातच राहिला.

सनी त्याच आठवड्यात गेला होता. सात वर्षांचा. त्याला उचलल्यावर दारात काकू सगळ्यांसमोर बोलली होती. त्या दिवसापासून हा घसा बंद.

"काकू," माधवी म्हणाली, "सनी गेला तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं?"

"मी? काय म्हणाले?"

"भावाचा घास गिळून बसली, म्हणालात."

"असेल बाई. मेलेल्या घरात माणूस काय काय बोलतं, ते कोण लक्षात ठेवतं?" काकूने भजी तोडली. "आणि तुझ्या भाकरीने थोडाच मेला तो? कावीळ झाली होती. अन्न त्याने आठवडाभर आधीच सोडलेलं. ती भाकरी त्याने टाकलेलीच. मीच तर कुत्र्याला घालणार होते."

बत्तीस वर्षांची शिक्षा, आणि ज्या बाईने सुनावली तिला खटला आठवत नव्हता! यावर माधवी रडली असती, ओरडली असती, तर पंगतीला निदान काही समजलं असतं. तिने फक्त मोडलेली पुरी पुन्हा उचलली. पुरी ओठांपर्यंत गेली. आपण निर्दोष आहोत हे तिला कळलं. घशाला कळलं नाही. पुरी खाली आली.

"माधवी, चुरमा तरी," विनीत पुटपुटला. "तिसरा वाटा. ऑपरेशनची तारीख पुढच्या सोमवारची आहे गं."

तिने चुरम्याची वाटी पानाबाहेर सरकवली. "हा सनीचा," म्हणाली, आणि पाण्याने हात धुतले.

"अगोबाई, एवढं भावावर प्रेम!" किर्तीने डोळे पुसले. "मग आता भावासाठी कोणतं व्रत धरणार? आम्हालाही सांग, आम्हीपण धरतो."

विनीत उठून पॅसेजमध्ये गेला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, सोमवारची तारीख पुढे..." एवढंच आत ऐकू आलं. मग तो नुसताच हो, हो म्हणत राहिला.

काकूने इकडेतिकडे बघितलं. वाटी कुणीच घेत नव्हतं.

"देवाचं टाकू नये," म्हणत तिने ती जवळ ओढली आणि बोटाने निपटून खाल्ली. "तूप कमी पडलंय जरा. वाढ की गं, माधवी."

माधवीने तुपाचं भांडं उचललं आणि वाढलं.