टोस्ट खाऊन आलेली माणसं

गुरुवारी दुपारी इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडत होते, तेव्हा गौरीचा फोन आला. "मीनल, बाबा गेले. झोपेतच. क्लीनिंगवाली आली तेव्हा कळलं. मला बॉस्टनहून पोचायला संध्याकाळ होईल, तू जाशील का? यू हॅव द की." मी टोपली तिथेच ठेवली आणि निघाले. खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार मुकुंदकाकांचा आला नाही, त्यांच्या मेलबॉक्सचा आला. त्यात एक पत्र येणार होतं. ते मी मागवलं होतं, त्यांच्या नावाने, त्यांना न विचारता. गौरीच्या हाती पडण्याआधी मला ते हवं होतं. घराच्या किल्लीलाच मेलबॉक्सची किल्ली अडकवलेली होती. आधी तो उघडला. दोन जाहिराती, फार्मसीचं एक पाकीट. पत्र नव्हतं. मग वर गेले, काकांना पाहिलं आणि जे फोन करायचे ते केले.

ॲशबर्नमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. चौदा वर्षांचा शेजार. काका भूल देणारे डॉक्टर. आधी इंग्लंडमध्ये सात वर्षं, मग इकडे निवृत्त होईपर्यंत. सुधाकाकू सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून दर बुधवारी सकाळी सात वाजता, ऑफिसला निघण्याआधी, मी त्यांच्याकडे जायला लागले. कारण साधं होतं... आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरली आहे का, ते बघणं. पण बुधवारी सातलाच लंडनच्या संसदेत पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा तास सुरू होतो, आणि काका लॅपटॉप डायनिंग टेबलावर उभा करून, चहाचा कप आणि एक निळी वही घेऊन बसलेले असायचे. मी गोळ्या मोजायची, ते माणसं मोजायचे.

त्यांची मोजण्याची पद्धत धंद्यातली होती. ऑपरेशनच्या आधी पेशंट उपाशी असावा लागतो, नाहीतर भुलीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाते आणि माणूस दगावतो. "आणि मीनल, दहातला एक तरी खोटं बोलतो. रात्रीपासून काही खाल्लं नाही म्हणतो आणि सकाळी टोस्ट खाऊन आलेला असतो. तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं." पडद्यावरच्या पुढाऱ्यांना ते तीच कसोटी लावायचे. कोणी उभा राहिला, कागद टेबलावर आपटला, सगळ्यांना हसवलं, की काका चष्म्यावरून बघून म्हणायचे, "टोस्ट." आणि वहीत नोंद. एका पानावर एक माणूस, खाली एक-दोन वाक्यं. 'बोटं सारखी टायला लावतो.' 'उत्तर पाठ आहे, प्रश्न ऐकलेला नाही.' 'ही बाई उपाशी आहे, पण हिला ऑपरेशनच नको आहे.' गेल्या काही वर्षांत तिकडे पंतप्रधान इतक्या वेळा बदलले की काकांनी नवी वही काढली.

इकडच्या राजकारणावर मात्र अक्षर नाही. गणपतीत, दिवाळीत सगळे जमले की जेवणानंतर वाद रंगायचे, आवाज चढायचे, आणि काका कोपऱ्यात बडीशेप चघळत बसायचे. पुण्याहून आलेला, अजून व्हिसावर असलेला रोहन एकदा म्हणाला, "काका, ब्रिटनचं सोडा ना यार, इथलं बोला. इथे कोण टोस्ट खाऊन आलाय?"

"ज्या घरी आपल्याला जेवायला बोलावलेलं नाही, तिथल्या आमटीला नावं ठेवू नयेत."

सगळे हसले. मी नाही हसले. चाळीस वर्षांहून जास्त या देशात राहिलेला माणूस असं बोलतो, म्हणजे काहीतरी झाकतो आहे, असं मला वाटलं. झाकत होतेच. सगळ्यांचा समज होता की काका केव्हाच सिटिझन झाले असतील. मला ठाऊक होतं की ते अजून ग्रीन कार्डवर आहेत, कारण त्यांची कागदपत्रांची फाइल मीच लावून दिली होती.

मत कोणाला असावं, या विषयावर मात्र ते भांडायला कायम तयार. इंग्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवरच त्यांना मत मिळालं होतं. कॉमनवेल्थमधून येऊन तिथे राहणाऱ्याला ते मिळतं. दरवर्षी घरी एक फॉर्म यायचा, घरात राहणाऱ्यांची नावं लिहून परत पाठवायचा, की झालं. काका ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या बाई हा फॉर्म भरताना म्हणाल्या होत्या, "तुमच्या लोकांचं मत काढूनच घ्यायला हवं. तुमचं नाही हां, डॉक्टर, बाकीच्यांचं." काका हे इतक्या वेळा सांगायचे की त्या बाईंचा आवाजही काढायचे. मग रोहन विचारायचा, "मग द्यायचं कोणाला काका?" आणि ते म्हणायचे, "ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात उठायचंय, त्याला." मी म्हणायचे, हे काही खरं नाही. ज्याने सिटिझनशिपची शपथ घेतली त्याला. मी नऊ वर्षं रांगेत थांबून ती घेतली आहे, नुसतं सकाळी उठून नाही. यावर ते चहा ओतायचे.

आणि तरीही प्रत्येक निवडणुकीला हा माणूस मतदान केंद्रावर हजर. आमच्या भागातल्या ज्या म्हाताऱ्यांना ड्राइव्ह करता येत नाही त्यांना काका आपल्या गाडीतून न्यायचे, दिवसातून तीन-चार खेपा. त्यांच्या डॅशबोर्डवर 'मी मत दिलं'वाल्या गोल स्टिकर्सची रांग होती. मी त्या स्टिकर्सकडे बघायचे आणि मत नसलेल्या माणसाच्या गाडीत मला ते आवडायचे नाहीत.

या वर्षी दिवस बरे नव्हते. ग्रीन कार्डवाल्यांच्याही जुन्या फायली उघडतात, असं जो तो म्हणत होता. मी म्हटलं, "काका, आता तरी सिटिझनशिपचा अर्ज करू. मी भरते, तुम्ही सही करा." ते महिनाभर टाळत राहिले. डोळे तपासायचेत, गौरी येऊ दे, फोटो चांगला नाही... शेवटी मी स्वतःच फाइल काढली, आणि फाइलच्या मागच्या कप्प्यात एक कार्ड सापडलं. मतदार म्हणून नोंद झाल्याचं. त्यांचं नाव, त्यांचा पत्ता. या देशात सिटिझन नसलेल्याने मतदार म्हणून नाव घालणं म्हणजे केवढा गुन्हा, हे इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात. आणि मत दिलं असेल तर ग्रीन कार्ड जाऊ शकतं, घर सोडून परत जावं लागू शकतं. एकोणऐंशीव्या वर्षी. अर्जात तो प्रश्न सरळ विचारलेला असतो: कधी नाव नोंदवलं आहे का, कधी मत दिलं आहे का?

मी कार्ड टेबलावर ठेवलं. काकांनी सांगितलं ते असं, की गाडीचं लायसन्स रिन्यू करायला गेले होते, कागदांमध्ये तो फॉर्म होता, राहणाऱ्याने नाव लिहायचं असतं या इंग्लंडच्या सवयीने त्यांनी खूण करून सही केली. घरी कार्ड आलं तेव्हा चूक लक्षात आली. "मत दिलं नाही मी. एकदाही नाही."

"मग चार खेपा कशाला मारता तिकडे?"

"बाहेर गाडीत बसतो. स्टिकर ते म्हातारे लावून जातात."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. ते कपाच्या कानाशी चाळा करत होते. आणि मी म्हणाले, "काका, टोस्ट खाल्लाय का? खरं सांगा."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "गोळ्या मोजून झाल्या असतील तर जा, उशीर होईल तुला."

माझा स्वभाव असा, की शंका आली तर तपासायची. मी डेटा सेंटरमध्ये काम करते. तिथे दिवा लाल झाला तर 'बहुतेक काही नसेल' असं म्हणून कोणी घरी जात नाही. त्याच दुपारी मी निवडणूक कार्यालयाकडे त्यांच्या नावाने अर्ज केला, की माझी नोंद आणि मी दिलेल्या मतांची यादी कळवावी. हेतू चांगला होता. सिटिझनशिपचा अर्ज भरण्याआधी खरं काय ते माहीत असायला हवं होतं. पुढच्या बुधवारी मी हे त्यांना सांगितलंही, लपवून ठेवलं नाही. लंडनमध्ये तेव्हा कोणीतरी ओरडत होतं. काकांनी लॅपटॉप मिटला. तास संपायच्या आधी त्यांनी तो मिटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"म्हणजे जे नाव मी पुसून घेतलं, ते तू उचलून पुन्हा सरकारच्या टेबलावर नेऊन ठेवलंस."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. पण पुसून घेतल्याचा कागद कुठे आहे, हेही मी विचारलंच. ते म्हणाले, "शोध तू. तुला सापडतं सगळं."

त्यानंतरचे दोन बुधवार त्यांनी दार उघडलं नाही. आतून लंडनचा गलका ऐकू यायचा. माझ्याकडे किल्ली होती, मी ती वापरली नाही. दुसऱ्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मी कढीपत्ता निवडत होते.

पत्र आलं ते त्यानंतर दहा दिवसांनी, आणि ते गौरीलाच मिळालं. ती घर आवरायला आली होती. कागद हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "मीनल, व्हॉट इज धिस? बाबांनी हे कशाला मागवलं?" मी सगळं सांगितलं. तिने ते उभ्यानेच ऐकलं.

"यू थॉट ही वुड लाय टू यू?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पत्रात चार ओळी होत्या. नाव नोंदवल्याची तारीख. एकोणीस दिवसांनी, त्यांच्याच लेखी विनंतीवरून, नाव रद्द. दिलेली मतं: एकही नाही. म्हणजे त्यांनी सांगितलं तसंच, शब्दन्‌शब्द. पण अर्जातल्या त्या प्रश्नाला 'हो, नाव नोंदवलं होतं' असं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्यावर कोणी विश्वास ठेवेल याची त्यांना खात्री नव्हती. शेजारणीने तरी कुठे ठेवला?

गौरी जाताना निळ्या वह्या माझ्याकडे देऊन गेली. प्रेमाने नाही. "मला मराठी वाचता येत नाही. तूच ने," म्हणाली. मी पहिली वही उघडली. पहिल्या पानावर पुढारी नाहीच, त्या इंग्रज घरमालकीण बाई आहेत: 'टोस्ट खाल्ला आहे, पण स्वतः सांगते.' दुसऱ्या पानावर तिथल्या कुणा उमेदवाराचं नाव, आणि खाली: 'याला मत दिलं. चूक झाली असावी. आता यांच्यावर लक्ष ठेवायला हवं.' त्यानंतर सगळी पानं तिकडचीच. दोन्ही वह्या मी शेवटपर्यंत तपासल्या, जुन्या सवयीने. इकडच्या एकाही पुढाऱ्याचं पान त्यात नाही.

काल बुधवार होता. सात वाजता मी माझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उभा केला, चहा घेतला, वही उघडली. एक गृहस्थ उभे राहिले आणि उत्तर द्यायच्या आधी त्यांनी तीनदा कोटाचं बटण चाचपलं. "टोस्ट," मी मोठ्याने म्हणाले. पेनचं टोपणही काढलं. मग ते परत लावलं आणि वही मिटली. मला तिकडे कोणी जेवायला बोलावलेलं नाही.